तारा जागेवर आढळला नाही

उच्चार

गल्लीच्या टोकाची पाण्याची टाकी फुटली, त्याला कोणीही जबाबदार नव्हते. हे पाणीपुरवठा मंडळाने टाकी बांधतानाच ठरवून ठेवले होते. फक्त कारण सापडायचे बाकी होते.

टाकी विटांची होती, जुनी होती आणि तिच्या पोटावर एक तडा होता. तडाही इतका जुना, की गल्लीतले लोक पत्ता सांगताना त्याचा उपयोग करत. "तड्यासमोरून डावीकडे वळा, तिसरं दार." दर उन्हाळ्यात तो वीतभर लांबायचा. येणारे-जाणारे मान वर करून बघत, "बघत असेल कोणीतरी" असे म्हणत आणि आपल्या कामाला लागत. ते खरेच होते. बघत सगळेच होते.

ती फुटली भर दुपारी. पाण्याने गाठलेले पहिले घर होते शिवणकाम करणाऱ्या ताईचे. पुढच्या खोलीत तिचे शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. पाण्याने मागची भिंत नेली, तिच्याबरोबर एका गिऱ्हाइकाचा बिनबाह्यांचा कोट नेला आणि ताईला मशीनवर तसेच बसलेले सोडले. तेव्हापासून ती भिंतीच्या जागी पडदा लावून राहत होती. उरलेल्या चिंध्या जोडून तिने तो स्वतःच शिवला होता. वारा आला की घराची मागची बाजू फुगायची आणि माप द्यायला आलेली माणसे दचकायची.

मंडळाचा नियम साधा होता. चूक मंडळाची असेल तर मंडळ भिंत बांधून देणार. चूक मंडळाची नसेल तर ताईने पडद्याची शिलाई पक्की करून घ्यावी.

चूक कोणाची हे ठरवायला बाहेरून एक तज्ज्ञ आणला. त्याने टाकीचे अवशेष पाहिले, तडा पाहिला, तड्यात उगवलेले झुडूप पाहिले आणि इंग्रजीत अहवाल लिहिला. महत्त्वाचे अहवाल मंडळ इंग्रजीतच मागवत असे. मग ते कोणी वाचले नाहीत, तरी दोष भाषेवर जातो. पण ताईने आपल्या भाषेतली प्रत मागितली आणि कागद भाषांतरकाराच्या टेबलावर आला.

भाषांतरकार हा ताईचा सख्खा धाकटा भाऊ. हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होते. हरकत कोणी घेतली नाही, कारण भाषांतराने काही बदलते असा कोणाचाच समज नव्हता. मंडळात त्याला 'कोश' म्हणत. कोणी "सही कुठे करू?" असे विचारले, तरी तो आधी 'सही' हा शब्द कुठून आला ते सांगायचा. तोवर माणूस सही करून निघून गेलेला असे.

कोशने अहवाल वाचला आणि त्याच्या जिवात जीव आला. तज्ज्ञाने आडपडदा ठेवला नव्हता. तडा वर्षानुवर्षे वाढत होता, मंडळाने दुर्लक्ष केले, आणि दुर्लक्षाचे परिणाम 'डिझास्ट्रस' झाले, हे शेवटचे वाक्य. त्या संध्याकाळी तो थेट ताईकडे गेला.

"ताई, भिंत आली समज."

ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "कुठवर आलीय?"

"चेष्टा नको. साफ लिहिलंय त्यांनी, परिणाम डिझास्ट्रस झाले म्हणून."

"हा कसला रस?"

"रस नाही गं. विशेषण आहे ते. फार सुंदर शब्द आहे, त्याचं मूळ जर तू पाहशील ना—"

"मी पडदा बघतेय माझा. तुझ्या त्या विशेषणाला विटा किती लागतात तेवढं सांग."

अर्थ

दुसऱ्या दिवशी कोश भाषांतराला बसला. सहा पाने त्याने एका बैठकीत उरकली. शेवटच्या शब्दापाशी मात्र त्याचे पाऊल अडले.

'भयंकर' म्हणावे, तर ते चित्रपटाच्या जाहिरातीसारखे वाटत होते. 'घातक' म्हटले तर औषधाच्या बाटलीची आठवण होत होती. मग त्याला 'अनर्थकारक' सुचले आणि तो खुर्चीत सरसावून बसला. ज्याच्यात अर्थ उरत नाही तो अनर्थ! असा शब्द सापडल्यावर दुसरा कोणी चहा प्यायला उठला असता.

पण पानाच्या तळाला चार बोटे जागा कोरी राहिली होती. कोऱ्या भिंतीपुढे हातात खडू असलेल्या पोराचे जे होते, तेच कोऱ्या तळापुढे विद्वानाचे होते. कोशने बारीक अक्षरात तळटीप लिहिली:

*मूळ शब्द डिझास्ट्रस. 'डिस' म्हणजे वाईट, 'अ‍ॅस्टर' म्हणजे तारा. ग्रीक आणि लॅटिन मुळांतला हा तारा इटालियनांच्या तोंडून व फ्रेंचांच्या नाकातून इंग्रजीत उतरला. शब्दशः अर्थ: वाईट ताऱ्यामुळे घडलेले.*

त्याने ती दोनदा वाचली. 'नाकातून' या शब्दावर तो स्वतःशीच हसला. मग कागद वर पाठवून दिला.

व्युत्पत्ती

मंडळाचे अध्यक्ष अहवाल वाचत नसत. अहवालात मजकूर फार असतो. ते फक्त तळटिपा वाचत, कारण पाणी मुरते ते तळाशी, असा त्यांचा या खात्यातला अनुभव होता.

त्यांनी कोशला बोलावून घेतले. शेजारी विधी अधिकारी बसले होते. हे गृहस्थ कोणतेही वाक्य ऐकले की "हे नोंदीस घ्या" म्हणत आणि ते स्वतःच नोंदीस घेत.

"कोश, ही तळटीप तुमची?"

"हो साहेब," कोश म्हणाला. शाबासकी घ्यायला त्याने मान किंचित खाली केली होती.

"वाईट ताऱ्यामुळे घडलेले."

"शब्दशः, साहेब."

"शब्दशः म्हणजे शब्दाला धरून ना?"

"हो."

"मग आम्ही तरी शब्दाला सोडून कसं जायचं?"

पाणीपुरवठा मंडळात उभ्या उभ्या कोशच्या तोंडचे पाणी पळाले.

"साहेब, ती नुसती व्युत्पत्ती आहे. आज त्याचा अर्थ भयंकर वाईट, एवढाच होतो. ताऱ्याचा काही संबंध नाही."

"मुळात होता ना?"

"मुळात होता."

अध्यक्षांनी विधी अधिकाऱ्यांकडे पाहिले. "चौकशीच्या आदेशात आपण काय लिहिलं होतं?"

"घटनेचं मूळ कारण शोधावं."

"बघा. तज्ज्ञाला सहा पानांत सापडलं नाही. आपल्या माणसाने दोन ओळींत मूळ गाठलं."

"पण तज्ज्ञांनी दुर्लक्ष म्हटलंय!" कोश जवळजवळ ओरडला.

"म्हणू द्या. सहा पानं माणूस काहीही बोलतो," विधी अधिकारी म्हणाले. "खरं काय ते शेवटच्या शब्दात बाहेर पडतं. हे नोंदीस घ्या."

"मी तळटीप काढून टाकतो, साहेब. आत्ता."

"दप्तरी दाखल झालेली तळटीप काढता येत नाही. तिच्याखाली तळटीप देता येते."

कोशने तिथेच, उभ्या उभ्या लिहिले: *वरील तळटीप केवळ माहितीसाठी आहे.*

अध्यक्षांनी तीही वाचली आणि समाधानाने मान हलवली. "माहितीसाठीच तर चौकशी बसवलीय."

संध्याकाळी कोशने हे ताईला सांगितले. ताईने मशीन थांबवले, दोरा दाताने तोडला.

"टीप मारतात ती फाटलेल्या जागी. तू धड कापडावर मारलीस."

"ताई, ती टीप वेगळी आणि ही—"

"कळतंय मला. उसवून टाक."

"मंडळातली टीप उसवत नाही."

"वा! माझी भिंत एका पाण्यात उसवते, आणि तुझी दोन ओळींची टीप उसवत नाही. दोरा कुठला वापरतात रे तुमच्याकडे?"

वाक्यात उपयोग

आता एवढेच ठरायचे होते, की तारा कोणता. त्यासाठी वेधशाळेतल्या बाईंना बोलावण्यात आले. बाईंची उभी हयात दुर्बिणीला डोळा लावण्यात गेली होती, त्यामुळे जवळच्या माणसांकडे पाहताना त्या थोड्या गोंधळत.

"ताऱ्याने टाकी फुटत नाही हो," त्या म्हणाल्या.

"ते ठरवायला तुम्हाला बोलावलेलं नाही," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "तुम्ही फक्त पत्ता द्या. घटना भर दुपारची. त्या वेळी आकाशात कोण होतं?"

"दिसणारा तारा म्हणाल तर एकच. सूर्य."

अध्यक्षांनी छताकडे पाहिले. मंडळाच्या छपरावर पाणी तापवायचे यंत्र होते, ते सूर्यावर चालत असे. तसेच एक यंत्र अध्यक्षांच्या बंगल्यावर होते, आणि ते कसे आले हे कोणी विचारत नसे.

विधी अधिकारी खाकरले. "सूर्य हा मंडळाचा जुना पुरवठादार आहे. त्याच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. रोज वेळेवर हजर असतो. एवढं आपल्या खात्यातल्या कोणाबद्दलही सांगता येणार नाही."

"सूर्य सोडून सांगा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"उजेडामागे हजारो असतात. दिसत नाहीत इतकंच."

"टाकीच्या बरोबर डोक्यावर कोण होतं?"

बाईंनी सवयीने आकडेमोड केली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचे, एवढीच त्यांची खोड होती. "आहे एक. अगदी फिका. दुर्बिणीशिवाय दिसायचा नाही. त्याला नावसुद्धा नाही, नुसता क्रमांक."

"नाव नाही?" विधी अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वकीलही नसेल. हे नोंदीस घ्या."

त्याच आठवड्यात नोटीस निघाली. *प्रति, वाईट तारा (नाव अज्ञात), राहणार आकाश.* टाकी व भिंत यांच्या नुकसानीबद्दल खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. ती बजावायला विधी अधिकारी दोन पंच घेऊन मंडळाच्या छपरावर गेले. अर्थातच कार्यालयीन वेळेत गेले. पंचनाम्यात पुढीलप्रमाणे नोंद आहे:

*छपरावर समक्ष जाऊन पाहणी केली. तारा जागेवर आढळला नाही. शेजारी सूर्य हजर होता. त्याच्याकडे पाहून चौकशी केली असता दोन्ही पंचांच्या डोळ्यांत पाणी आले. यावरून घटना अत्यंत दुःखद असल्याचे दिसते. सदर तारा कार्यालय बंद झाल्यावरच उगवतो असे समजले. ही हेतुपुरस्सर टाळाटाळ आहे.*

माणूस जागेवर नसेल, तर नोटीस त्याच्या राहत्या जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी, असा नियम आहे. राहती जागा आकाश. मंडळाच्या हद्दीत आकाश कुठे खालपर्यंत आले आहे, याचा शोध घेण्यात आला. एकच ठिकाण सापडले. जिथे भिंत नव्हती.

ताई गिऱ्हाइकाचे माप घेऊन वळली, तो तिच्या पडद्यावर खळ लावलेला कागद. तिने तो मोठ्याने वाचला. गिऱ्हाईक हसले. बातमी बाहेर गेली आणि गल्ली लोटली. लोक पडद्याच्या भोकातून वाकून बघू लागले.

"काय गं, तारे-ताई," समोरची शेजारीण म्हणाली, "पाहुणा कधी उतरणार?"

"उतरला की आधी तुझ्याकडे पाठवते. तुझी स्वारी रोज तड्याखाली बसून विड्या ओढायची. चांगली ओळख असेल."

शेजारीण हसत हसतच गेली. तिची भिंत जागेवर होती.

विग्रह

सुनावणीला कोशने सगळी तयारी केली होती. ताई अर्जदार म्हणून समोर बसली होती, मांडीवर पडद्याची घडी. पुरावा म्हणून तिने तो सोडून आणला होता, त्यामुळे त्या सकाळी तिचे घर मागून पूर्ण उघडे होते.

"साहेब," कोश म्हणाला, "शब्द कुठून आला, यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही. ठरत असेल तर 'अध्यक्ष' म्हणजे काय? अधि आणि अक्ष, असा विग्रह होतो. अक्ष म्हणजे डोळा. ज्याचा डोळा सगळ्या कामावर आहे, तो अध्यक्ष."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. सुनावणीत नीट लक्ष लागावे म्हणून अध्यक्षांनी दोन्ही डोळे मिटले होते. त्यांनी एक उघडला.

"पुढे?"

"पुढे काही नाही, साहेब."

"हे नोंदीस घेऊ नका," विधी अधिकारी म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी हे प्रथमच म्हटले होते.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "कोश, तुम्ही फार अकलेचे तारे तोडता!"

विधी अधिकाऱ्यांची लेखणी हवेतच थांबली. "साहेब, आपण आत्ता म्हणालात की हे तारे तोडतात. तसं असेल तर प्रश्नच मिटला. ताऱ्याला कोणी बिघडवलं ते कळलं. सगळी जबाबदारी भाषांतरकारावर—"

कोशची तारांबळ उडाली. "साहेब, तो वाक्प्रचार आहे!"

"वाक्प्रचाराचं मूळ काय?" अध्यक्ष म्हणाले. दुसरा डोळाही आता उघडा होता.

साक्षीसाठी बोलावलेल्या वेधशाळेच्या बाईंना राहवले नाही. "तारे कोणी तोडत नाही, आणि ते तुटतही नाहीत. आपण तुटताना बघतो त्या उल्का. यांना सोडा. आणि तुम्ही ज्या ताऱ्याच्या मागे लागलाय ना, तो आता शिल्लक आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. त्याचा उजेड निघून शतकं झाली. तो कधीच संपलेला असू शकतो."

"संपलेला?" विधी अधिकारी म्हणाले. "म्हणजे प्रतिवादी मयत."

"सुटलो," कोश ताईच्या कानात कुजबुजला. "मेलेल्यावर खटला चालत नाही."

"मेलेल्यावर चालत नाही," विधी अधिकारी म्हणाले. त्यांचे कान तीक्ष्ण होते. "वारसांवर चालतो. बाई, त्याला वारस कोण?"

बाई हसल्या. आणि मग जे वाक्य त्या दरवर्षी शाळेच्या मुलांना सांगत, आणि जे ऐकून मुले तोंडाचा आ करून बसत, तेच वाक्य त्यांच्या तोंडून गेले. "वारस म्हणाल तर तुम्ही-आम्हीच. हाडांतला चुना, रक्तातलं लोह, हे सगळं जुन्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालं. ते फुटले, विखुरले, त्यातून आपण झालो."

"फुटले म्हणालात?"

"हो, ते फुटले म्हणून तर—"

"म्हणजे फुटायची सवय घराण्यातच आहे. हे नोंदीस घ्या."

बाईंनी कोशकडे पाहिले. कोशने बाईंकडे पाहिले. जास्तीची माहिती दिलेली दोन माणसे एकमेकांना लगेच ओळखतात.

"मग अध्यक्षही वारस झाले!" कोश म्हणाला. "सगळं मंडळच वारस झालं!"

"अध्यक्ष खुर्चीत असेपर्यंत अध्यक्ष म्हणजे मंडळ," विधी अधिकारी म्हणाले. "आणि मंडळ ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. तिला हाडं नसतात."

ताई पहिल्यांदाच बोलली. "मंडळाला कणा नाही, हे आम्ही कधीपासून म्हणतोय."

"म्हणताय ना? मग आपलं एकमत झालं, ताई. आजवर हा आरोप होता. आज तो बचाव म्हणून नोंदीस घ्या."

आदेश तिथल्या तिथे सांगण्यात आला. मयत ताऱ्याचे वारस असंख्य आहेत. सर्वांना एकदम शोधणे प्रशासनाच्या सोयीचे नाही. सबब घटनास्थळाच्या सर्वांत जवळ राहणारा वारस प्रथम जबाबदार धरावा. मोजणी केली असता तो वारस म्हणजे अर्जदार ताई स्वतःच. वादी आणि प्रतिवादी एकच व्यक्ती असल्याने त्यांनी आपसात तडजोड करावी. तसेच प्रतिवादीने फुटलेल्या टाकीचा राडारोडा स्वतः उचलून जागा मोकळी करून द्यावी.

ताईने पडद्याची घडी बगलेत मारली.

अनेकवचन

घराशी आल्यावर कोशला रडू फुटले. "माझ्यामुळे झालं गं. मी 'वाईट' असं साधं लिहिलं असतं, तर तुझी भिंत उभी राहिली असती."

"तू शाळेत असल्यापासून असाच. कोणी पाणी मागितलं की 'उदक' सांगायचास. आणायचास कधी?" ताई आदेश पुन्हा वाचत होती. "बरं, तडजोड झाली."

"कोणाची?"

"माझी नि माझी. मी मला माफ केलं. फार ताणून धरण्यात अर्थ नाही, एका घरात राहायचंय." तिने कागदावर बोट ठेवले. "आता सांग, राडारोडा म्हणजे काय? तुझ्या पुस्तकात काय दिलंय?"

"पडझडीनंतर उरलेला निरुपयोगी माल."

"आणि माझ्या डोळ्यांना काय दिसतंय? विटा. अख्ख्या, भाजलेल्या, लेखी आदेशाने माझ्या अंगावर टाकलेल्या. कोशातून बाहेर ये जरा, आणि बाह्या वर कर."

कोश विटा वाहू लागला. पहिल्या दिवशी त्याने दोनच खेपांत 'वीट' आणि 'वीट येणे' यांचा काही संबंध आहे का, असा विचार सुरू केला. ताईने त्याच्या डोक्यावर तिसरी पाटी ठेवली, तेव्हा तो थांबला. गवंडी नव्हता, म्हणून ताईने शिलाईच्या दोऱ्यानेच रेघ धरली. भिंत किंचित तिरकी झाली, पण झाली. तिने हात झटकले आणि मागे सरून बघितले. "माप जरा सैल आहे. अंगात येईल."

पडद्याच्या तिने पिशव्या शिवल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गल्लीतले नळ टाकी फुटल्यापासून कोरडे होते. लोक इतके दिवस टँकरवर आणि ताईच्या गमतीवर काढत होते. टँकर बंद झाला तेव्हा ते मंडळाकडे गेले आणि म्हणाले, टाकी पुन्हा बांधा.

"टाकी ज्यांनी फोडली ते बांधतील," विधी अधिकारी म्हणाले. "सर्वांत जवळच्या वारसाने तडजोड केली आणि राडारोडाही उचलला. ताईंनी आदेशाचं फार चोख पालन केलं. आता पुढचे वारस."

नोटिसा दारोदार लागल्या. समोरच्या शेजारणीच्या दारावर पहिली. गल्लीची भंबेरी उडाली. जो तो डॉक्टरकडे धावला. पूर्वी माणसे रक्तातले लोह वाढवायला जात, आता ते कमी असल्याचा दाखला आणायला रांग लागली. एका तगड्या पैलवानाने आपल्याला जन्मापासून हाडेच नाहीत असे लिहून आणले. त्याला मंडळाने नोकरी देऊ केली.

शेजारीण ताईच्या दारात आली. "आम्हाला काय ठाऊक गं, प्रकरण आमच्यावर येईल म्हणून? आम्ही आपले हसलो."

"हसलात ते ठीक. तड्याकडे बघून काय म्हणत होतात?"

शेजारणीला आठवेना.

इकडे कोशपुढे नवे काम येऊन पडले होते. सगळ्या वारसांना लागू होणारा अंतिम आदेश, दप्तरासाठी इंग्रजीत करायचा. शेवटच्या ओळीत लिहिले होते, की आदेश न पाळल्यास परिणाम वाईट होतील. कोशची लेखणी थांबली. इंग्रजीत यासाठी एक फार सुंदर शब्द आहे. त्याने तळाकडे पाहिले. चार बोटे जागा कोरी होती. त्याने डोळे मिटले, ताईच्या पाटीचे वजन आठवले आणि मुकाट्याने 'बॅड' असे लिहून कागद पुढे केला.

विधी अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"तळटीप कुठाय?"

"नाही दिली. शब्द साधा आहे. सांगण्यासारखं काही नाही त्याच्यात."

"असं कसं? मग अध्यक्षांनी वाचायचं काय?"

कोशने खूप विनवण्या केल्या. शेवटी त्याने लिहिली. यावेळी त्याने एकही शब्द उगाळला नाही, कुठलेही मूळ शोधले नाही. जसे घडले तसे लिहिले, आणि ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यासाठी लिहिले. दाखल झालेली तळटीप काढता येत नाही, म्हणून ती खाली जशीच्या तशी ठेवली आहे.

*तळटीप: 'वारस' या शब्दात हा मजकूर वाचणारी व्यक्तीही येते. वाचायला डोळे लागतात, डोळ्यांना रक्त लागते, रक्ताला लोह. सबब नोटीस आपणांस पोहोचली असे समजण्यात येत आहे. आपल्याही गल्लीच्या टोकाला एक टाकी आहे. तिच्या तड्याखालून आपण आज सकाळीच गेलात, आणि मान वर करून जे म्हणालात ते नोंदीस घेतलेले आहे. आपले काही म्हणणे असल्यास ते मांडण्यासाठी तारा उगवल्यावर, कार्यालयीन वेळेत, समक्ष हजर राहावे.*